साडेनऊच्या व्हॉइस नोटवर झालेली बीएस्सी

लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शिक्षणाबद्दल खूप लिहून झालं आहे, आणि गावाकडचं म्हटलं की एकच फोटो डोळ्यापुढे येतो, झाडावर चढून रेंज शोधणारा पोरगा. आमच्याकडेही असा एक होता, नाही असं नाही, पण तो वर बसून क्रिकेट पाहायचा. म्हणून त्याला बाजूला ठेवतो आणि एका गावातल्या सहा पोरापोरींचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो, कारण रेंज असून न शिकलेले आणि फोन नसून शिकलेले असे दोन्ही त्यात आहेत.

मी तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, म्हणजे तास झाला तर पैसे आणि नाही झाला तर राम राम. कॉलेजचं नाव लिहीत नाही आणि गावाचंही नाही. वर्धा नदीच्या एका काठाला नागपूर विद्यापीठ लागतं, दुसऱ्या काठाला अमरावती विद्यापीठ, आम्ही नदीपासून फार लांब नाही एवढं पुरे, कोणता काठ ते सोडून द्या. गाव तालुक्यापासून १४ किलोमीटर, एसटीच्या तीन फेऱ्या, त्यातली एक मुक्कामी. कापूस, सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी असेल त्याच्याकडे गहू-हरभरा.

तर हे सहा जण. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीचे पेपर दिले, त्यानंतर आठवडाभरात सगळं बंद, निकाल लागला १६ जुलैला, आणि त्या वर्षी राज्याचाच निकाल ९०.६६ टक्के होता त्यामुळे हेही सगळे पास. ऑगस्ट-सप्टेंबरात बीएस्सी फर्स्ट इयरचे फॉर्म भरले, तेही तालुक्याच्या नेट कॅफेत येऊन, मास्क लावून. कॉलेज आतून कसं दिसतं ते सहातल्या चौघांनी पाहिलेलंच नव्हतं. बारावीला प्रॅक्टिकल झालं होतं का विचारलं तर म्हणाले झालं. नंतर कळलं की जर्नल झालं होतं.

नावं देत नाही, वर्गात आम्ही म्हणायचो तसंच म्हणतो. एक मोठ्या फोनवाला, घरी ट्रॅक्टर, बापानं बारावी पास झाल्याचा फोन घेऊन दिलेला. दुसरा पानठेलेवाल्याचा, फोन होता पण अर्धी काच फुटलेली, टच खालच्या बाजूनं चालत नव्हता म्हणून फोन उलटा धरून टाइप करायचा. मग दोघी चुलत बहिणी, एकाच वाड्यात राहणाऱ्या, थोरली अन धाकटी म्हणू, त्या घरात एक स्मार्टफोन आणि तो काकाचा. पाचवी टेलरची पोरगी, घरी डब्बा फोन. आणि सहावा, त्याच्याकडे काहीच नव्हतं, भाऊ चाकणला कंपनीत होता तो जुना फोन पाठवतो म्हणाला होता. म्हणजे सहा जणांत तीन फोन. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी १४.९ टक्के घरांत इंटरनेट होतं आणि ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर, त्या हिशोबानं आमचं गाव पुढारलेलंच म्हणायचं.

अकराचं लेक्चर

नोव्हेंबरमध्ये फर्स्ट इयरचे ऑनलाइन क्लास सुरू झाले. तोवर एसटी सुरू झाली होती, बाजार सुरू होता, दारूचं दुकान तर कधीचंच सुरू होतं, बंद फक्त कॉलेज. टाइमटेबल नेहमीचंच ठेवलं, अकरा वाजता केमिस्ट्री, बाराला फिजिक्स, कारण वरून तसं आलं आणि रोजचा स्क्रीनशॉट काढून पाठवायचा होता, किती पोरं जॉइन आहेत ते दिसलं पाहिजे. मी गुगल मीट उघडून बसायचो. वर्गात नावं ४८, स्क्रीनवर सात-आठ गोल, त्यात एक मी.

आता नोव्हेंबरात सकाळी अकरा वाजता आमच्याकडे माणूस कुठे असतो? वावरात असतो. कापसाची वेचणी सुरू. त्या साली आधीच सोयाबीन काढणीच्या वेळी पावसानं धुतलं होतं, कापसावर बोंडअळी आलेली, मग जेवढं हाताला लागेल तेवढं पटपट वेचून घरात आणायचं, अन मजूर लावायला पैसा नाही म्हणून घरचीच पोरं. सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ५,८२५ होता, पण तिथे नंबर लागेपर्यंत कापूस घरातच पडून. धाकटीनं नंतर सांगितलं की त्यांच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता आणि घरात निवांत बसायला तेवढीच जागा, कापसाच्या ढिगावर. म्हणजे पोरगी घरी असती तरी काकाचा फोन घरी नव्हता, काका फोन घेऊन कापसाच्या जिनिंग मिलवर.

मोठ्या फोनवाला मात्र रोज हजर. एकही लेक्चर चुकलं नाही, कॅमेरा बंद, माइक बंद, वेळेवर जॉइन, वेळेवर लेफ्ट. मी प्राचार्यांना त्याचं उदाहरण द्यायचो. एक दिवस मी त्याला नाव घेऊन प्रश्न विचारला, उत्तर नाही. पुन्हा विचारला, नाही. तिसऱ्यांदा माइक चालू झाला आणि एका म्हातारीचा आवाज आला, "तो नाई जी घरी, टॅक्टर घेऊन गेला, मले म्हणे सर बोलले तर हाव म्हणजो." आजी बिचारी रोज अकरा वाजता फोनजवळ बसायची. खरं सांगतो, मला राग आला नाही, ४८ जणांत पूर्ण तास ऐकणारी ती एकटीच असावी.

पैशाचंही सांगतो, कारण ते कोणी नीट मांडत नाही. तेव्हा १९९ चा रिचार्ज, २८ दिवस, रोज दीड जीबी. ऐकायला भरपूर वाटतं. पण व्हिडिओ चालू ठेवून दोन लेक्चर झाली की दीड जीबीचा निकाल लागायचा, मग तिसऱ्या लेक्चरला सर कापले कापले येतात. आणि दीड जीबी एका पोराचा नसतो, त्या फोनवर काकाचे व्हिडिओ, बारक्या भावाची चौथीची शाळा, सगळं. टॉवरचं तर विचारू नका, गावातली लाइन गेली की तासाभरात टॉवरही जायचा. माझ्या स्वतःच्या घरी तालुक्याला हीच गत.

तीन हप्त्यांनी मी मोजलं तेव्हा ह्या गावातून एकच हजर होता आणि तो म्हणजे आजी.

साडेनऊ

हे पुढचं ठरवून झालं नाही. माझी नियुक्तीची ऑर्डर त्या वर्षी उशिरा आली, मानधन तर त्याहून उशिरा, म्हणून मी दुपारनंतर भावाच्या कृषी केंद्रावर बसायचो. हरभऱ्याचं बियाणं, डीएपी, युरिया. गावोगावचे शेतकरी तिथेच येतात, त्यात माझ्या पोरांचे बाप. मी नोट्सच्या झेरॉक्स काढून ठेवायला लागलो, हरभऱ्याच्या बॅगेसोबत चार पानं पाठवायची, आणि घरी गेल्यावर पोरीला देजा म्हणायचं. एवढंच.

एक दिवस टेलरबुवा युरिया न्यायला आले आणि मागच्या वेळच्या बिलाचा कागद माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं उधारीचं काही असेल. उलटून पाहिलं तर निळ्या पेननं लिहिलेलं होतं, "सर संकरणामध्ये नेमकं काय मिसळते? दोन वस्तू का दोन जागा?"

दहा वर्षं शिकवतो आहे, एसपी थ्री हायब्रिडायझेशनवर, म्हणजे ह्याच संकरणावर, असा प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. आम्ही फळ्यावर ऑर्बिटल म्हणून एक गोल आणि तीन डंबेल काढतो, बाण मारतो, चार सारखे फुगे काढतो, पोरं उतरवून घेतात. ह्या पोरीनं लेक्चर ऐकलंच नव्हतं म्हणून तिला प्रश्न पडला असं मला आजही वाटतं. ऑर्बिटल ही वस्तू नाहीच, इलेक्ट्रॉन कुठे सापडू शकतो त्याचा तो हिशोब, आणि मिसळतात ते हिशोब, हे तिला बिलाच्या मागे कसं लिहून देणार? मी विचारलं, घरी फोन आहे का मोठा? बुवा म्हणाले, "आमच्याकडे नाई जी सर, पण शेजारी त्या दोघी बहिणीच्या काकाकडे हाय, तो रात्री येते नऊ-साडेनऊले."

तर साडेनऊ ही वेळ त्या काकामुळे आली. मी रात्री काकाच्या नंबरवर व्हॉट्सॲपला व्हॉइस नोट टाकली, नऊ मिनिटांची. सोबत वहीच्या पानाचा फोटो. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून तिघींच्या आवाजात उलट नोट आली, एक बोलते, दुसरी हसते, मागे कुत्रं भुंकतं. त्यात टेलरची पोरगी म्हणाली, "समजलं सर, पण मंग ते फुगे सारखेच काहून होते?"

तिथून पुढे मी त्या गावाचा वेगळा ग्रुप केला आणि रोज रात्री साडेनऊला तिथेच शिकवायला लागलो. अकराचं लेक्चर स्क्रीनशॉटपुरतं चालू राहिलं, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटांच्या दोन नोटा, एक फोटो, शेवटी एक प्रश्न. दहा मिनिटांची नोट दीड-दोन एमबीच्या आत बसते, दिवसाचा पॅक संपला तरी कासवाच्या स्पीडनं का होईना उतरते. आणि एक सोय अशी की नोटेवर बोट दाबून धरलं की कोणी ऐकली त्याची यादी दिसते. मीटवरच्या हजेरीपेक्षा ही यादी खरी, आजी इथे चालत नव्हती. अर्थात काकाच्या नंबरवर निळा माइक, नोट ऐकल्याची खूण, आला म्हणजे तिघींनी ऐकलं का एकीनं का खुद्द काकानं, ते कळायचं नाही. काकानं ऐकलेलं असायचं, हे मला पुढे कळलं.

डिसेंबर-जानेवारीत तर ही वेळ फारच बरोबर निघाली. शेतीची थ्री फेज लाइन एक हप्ता दिवसा आठ तास तर एक हप्ता रात्री दहा तास, अशी पाळी असायची. रात्रपाळी आली की गव्हाच्या ओलिताला रात्रभर वावरात. पानठेलेवाल्याचा पोरगा बांधावर बसून माझी नोट ऐकायचा, पाण्याचा दांड फुटला की थांबवायची, पाणी वळवून आलं की पुन्हा लावायची. लाइव्ह लेक्चर थांबवता येत नाही, हा साधा मुद्दा आम्हा मास्तर लोकांच्या डोक्यात यायला दोन महिने लागले. त्याची उत्तरं मला रात्री दीड-दोन वाजता यायची, मागे पाण्याचा आवाज. "सर, युरियात नत्र किती टक्के ते काढलं, रेणूभार साठ, त्यात नत्र अठ्ठावीस, म्हंजे ४६.६६, बॅगवर ४६ लिहून हाय, बरोबर हाय ना जी?" बरोबर होतं. मग मी त्याला विचारलं की ४५ किलोच्या बॅगेत शुद्ध नत्र किती, तर पाच मिनिटांत उत्तर, २०.७ किलो, आणि वरून म्हणे बाकीचं २४ किलो आम्ही कायचे पैसे देतो? त्यावर एक पूर्ण नोट गेली, कार्बन आणि ऑक्सिजनवर.

सिलॅबस मागे पडत होता हे कबूल. मोल कन्सेप्ट, म्हणजे वजनावरून अणू-रेणूंचा हिशोब, अशी बॅगांवर चालली की तीन हप्ते निघायची. वाणिज्य-कला शाखेच्या सहकाऱ्यांना हे जमलं असतं का, मला माहीत नाही, त्यांच्याकडे युरियाची बॅग नव्हती.

एक फवारणीवर सांगतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, आमच्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट औषध अंगात गेलं की काय होतं, नसांचा संदेश नेणारं ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम कसं बंद पडतं, घाम-लाळ का सुटते, डोळ्याची बाहुली का बारीक होते, ह्याची नोट मी सिलॅबसबाहेर टाकली. ती नोट ग्रुपच्या बाहेर गेली, तिथून कुठे कुठे गेली देव जाणे, पंधरा दिवसांनी कृषी केंद्रावर एका अनोळखी माणसानं मला माझाच आवाज ऐकवला.

चुना, हळद, लिंबू

प्रॅक्टिकलचं काय करायचं हा सगळ्यांचा घोळ होता. व्हर्च्युअल लॅबची लिंक पाठवून द्या म्हणाले. ती मोठ्या स्क्रीनवर बरी चालते, फुटक्या फोनवर ब्युरेट, थेंब थेंब सोडायची काचेची नळी, अर्धीच दिसायची.

मग जानेवारीत घरचं टायट्रेशन करायचं ठरवलं. पानठेलेवाल्याच्या पोराकडे खायच्या चुन्याच्या डब्या भरपूर, ठेला कित्येक महिने बंदच होता. त्यानं सगळ्यांना चुना वाटला. सिरिंज मेडिकलमधून, १० एमएलची, सुई नाही. चुना पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी वरची निवळी अलगद काढून घ्यायची, १० एमएल मोजून पांढऱ्या वाटीत घ्यायची, चिमूटभर हळद टाकली की लालभडक. मग लिंबाचा रस, एक चमचा रसाला चार चमचे पाणी, तो सिरिंजनं थेंब थेंब सोडायचा आणि लाल जाऊन पिवळं येईपर्यंत मोजायचं. आधी एक एमएलमध्ये किती थेंब बसतात ते मोजून घ्या म्हटलं, साधारण २० आले. रीडिंग मला पाठवा.

टेलरच्या पोरीच्या आजीनं चुना-हळदीचा लाल रंग पाहून म्हटलं म्हणे, हे तं कुंकू होय, याच्यात काय शिकायचं. आजीचं बरोबर होतं.

रीडिंग आली. पानठेलेवाल्याचा पोरगा ४३ थेंब. थोरली ४६. टेलरची पोरगी ४४. मोठ्या फोनवाला बरोब्बर ५०, त्यानं केलं नव्हतं हे सांगायला केमिस्ट्री लागत नाही. आणि धाकटी २९. धाकटी रडवेली, "माह्यं चुकलं सर, पुन्हा करू का?" मी म्हटलं पुन्हा करू नको, आधी सांग काय काय केलं ते. तिनं सगळं सांगितलं, त्यात एक गोष्ट निघाली, निवळी तिनं आदल्या दिवशीच काढून ठेवली होती आणि ताट झाकलंच नव्हतं, रात्रभर उघडी. वर काही आलं होतं का? "हाव, पांढरी साय आलती, दुधावर येते तशी, ते म्या काढून फेकली."

त्या सायीवर मी दोन रात्री बोललो. हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीत विरघळतो, कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून वर पापुद्रा धरतं, म्हणजे निवळीतला अल्कली तेवढा कमी झाला, मग लिंबूही कमीच लागणार. तिचं २९ चूक नव्हतं, तिच्या वाटीत जे होतं त्याचं ते बरोबर उत्तर होतं. पुढच्या हप्त्यात तिनं स्वतःच्या डोक्यानं तीन वाट्या केल्या, एक झाकलेली, एक चार तास उघडी, एक रात्रभर उघडी, आणि तीन आकडे पाठवले, उतरत्या क्रमानं. कॉलेजच्या लॅबमध्ये हे मी कधी केलं नसतं, तिथे बाटलीवर लेबल असतं आणि पोरांना लेबलवर भरोसा असतो.

१५ फेब्रुवारी २०२१ ला कॉलेज निम्म्या क्षमतेनं उघडणार म्हणून जाहीर झालं. त्या दिवशी टेलरची पोरगी पहिल्या एसटीनं आली. कॉलेज पाहिलं, लॅबला कुलूप होतं, लॅब असिस्टंट क्वारंटाइन, तिनं खिडकीतून आत पाहिलं. त्याच हप्त्यात आमच्या भागात केसेस वाढल्या आणि पुन्हा बंद. पूर्ण फर्स्ट इयरमध्ये तिचं कॉलेज एवढंच, एक खिडकी.

परीक्षा आणि जे सुटले

परीक्षेवर फार लिहीत नाही. ऑनलाइन, बहुपर्यायी, ठराविक वेळेत उघडणारी लिंक. आदल्या वर्षी फायनल इयरच्या परीक्षेचा वाद पार सुप्रीम कोर्टात जाऊन २८ ऑगस्ट २०२० ला परीक्षा घ्याव्याच लागतील असं ठरलं, पण कशावर देतील हे कोर्टाच्या कागदात कुठून येणार. आमच्या तिघी पोरींचा पेपर एकाच वेळी आणि फोन एक. थोरलीनं काकाच्या फोनवर दिला, धाकटीला मी कृषी केंद्रावर माझ्या फोनवर बसवलं, खताच्या बॅगेवर. टेलरच्या पोरीला आशाताईनं फोन दिला, पण त्यावर सर्व्हेचे कॉल येत होते, दर कॉलला पेपर मागे जायचा. तिला ६८ टक्के. मोठ्या फोनवाल्याला ९१, चार जण बसवून. त्याचा मला राग नाही, पण त्या मार्कांवर पुढे एमएस्सीची लिस्ट लागणार हे आठवलं की झोप लागायची नाही.

मग एप्रिल. दुसरी लाट आमच्याकडे गावात शिरली, पहिल्या लाटेत नुसती बातमी होती. ग्रुपवर बारा दिवस मी काही टाकलं नाही. पानठेलेवाला गेला, पोराचा बाप. त्यानंतर तो पोरगा ग्रुपवर ऐकायचा, बोलायचा नाही. ठेला त्यानं सुरू केला.

सहाव्याचा फोन चाकणहून आलाच नाही. शेवटी भावानं त्यालाच बोलावून घेतलं. सेकंड सेमचा फॉर्म मी भरला त्याचा, माझ्या पैशानं, तो परीक्षेला बसला नाही.

आणि थोरली. त्या मे महिन्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती अडचण वाटेल. मुलीच्या बापाला ती संधी होती, गावजेवण नाही, मंडप नाही, बँड नाही, कर्ज नाही. आमच्या वर्गातल्या चार पोरींची लग्नं त्या दोन महिन्यांत लागली. थोरलीच्या बापाला मी फोन केला तर ते म्हणाले, "सर, पुढच्या साली पाचशे मानूस जेवू घालायले तुम्ही देसान का पैसे?" मी काय बोलणार, मला स्वतःला मानधन यायचं होतं. थोरलीनं सासरहून नवऱ्याच्या फोनवर ग्रुप जॉइन केला. जूनमध्ये व्हॉट्सॲपवर नोट दुप्पट स्पीडनं ऐकायची सोय आली, ती म्हणे, "बरं झालं सर, आता भाकरी होईस्तोर तुमचं पूर्ण होते." ऑगस्टपर्यंत तिच्या नंबरवर निळा माइक दिसायचा. मग दिसेना. यादीत नाव राहिलं.

फेब्रुवारी २०२२

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली तेव्हा अट होती दोन्ही डोस झालेल्यांनीच यायचं. गावात अठरा वर्षांवरच्या पोरांना पहिला डोसच ऑगस्ट-सप्टेंबरात मिळालेला, कोविशील्डचं अंतर ८४ दिवस, म्हणजे दुसरा होईपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर. आणि नोव्हेंबर लागला तशी एसटी संपावर गेली, ती एप्रिलपर्यंत. काळीपिवळीचं जायचं-यायचं भाडं रोजचं कोण देणार. जानेवारीत तिसरी लाट, पुन्हा बंद, १ फेब्रुवारीला पुन्हा उघडलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या हप्त्यात टेलरची पोरगी आणि धाकटी लॅबमध्ये आल्या, आठवड्यातून दोन दिवस यायचं असं दोघींनी ठरवलेलं. सेकंड इयर, आणि हातात पिपेट पहिल्यांदा. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट. मी दाखवलं, ॲसिड गरम करून घ्या, साठ-सत्तर डिग्री, परमँगनेट ब्युरेटमध्ये, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. आणि दुसऱ्या टेबलाकडे गेलो.

पहिला थेंब पडला तसं टेलरच्या पोरीनं हाक मारली, "सर, झालं! एकाच थेंबात झालं." कॉनिकल फ्लास्कमध्ये गुलाबी. मी म्हटलं पाहत राहा. तिच्या डोळ्यांसमोर रंग हळूहळू गेला. "कोठी गेला जी?" सुरुवातीला ही रिॲक्शन मंद असते, मँगनीज आयन तयार व्हायला लागले की तेच तिला पुढे पळवतात, हे मी तिला एका व्हॉइस नोटमध्ये सांगितलेलं होतं, शब्द न शब्द तिला पाठ होता, ती माझ्यासोबत म्हणाली सुद्धा. पण डोळ्यानं पाहिलं तेव्हा तोंड उघडंच राहिलं. धाकटी म्हणे अजून एक टाक, अजून एक टाक.

मग ती कामाला लागली, कॉक अगदी बारीक सोडून, मान वाकडी करून, ओठ हलत होते. मला वाटलं काही म्हणते आहे. अर्ध्या तासानं जर्नल घेऊन आली सहीला. रीडिंगच्या रकान्यात लिहिलं होतं, २०७ थेंब.

ब्युरेटवर आकडे असतात आणि तेच वाचायचे असतात, हे दीड वर्षाच्या एकाही नोटमध्ये मी सांगितलं नव्हतं. मी टेबलाजवळ जाऊन ब्युरेट पाहिली, १०.४ एमएल. वीस थेंबांचा एक एमएल धरला तर तिचे १०.३५ होत होते. सही केली.